तळे खुले आहे, पेनड्राइव्ह चालत नाही



लिनक्सबद्दल आपल्या कार्यकर्त्यांमध्ये दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, हे इंजिनिअर मंडळींचे खूळ आहे, वस्तीतल्या पोरांना त्याचे काय घेणे-देणे? दुसरे मत असे की, लिनक्स मोफत आहे, सगळ्यांसाठी खुले आहे, इंटरनेटवरून उतरवायचे आणि वापरायचे, त्यात शिकवण्यासारखे काय आहे? पहिल्या मताचा समाचार पुढे घेईन. मला जास्त काळजी दुसऱ्या मताची वाटते. कारण 'सगळ्यांसाठी खुले' या शब्दांचा आपल्या समाजाला शंभर वर्षांचा अनुभव आहे.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली आणि सरकारी व्यवस्थेखालची तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पण पाणी प्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. बाबासाहेब स्वतः पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतले, मागोमाग हजारो लोक उतरले, आणि त्याच दिवशी आपल्या लोकांची डोकी फुटली. पेनड्राइव्हसाठी कुणी आपले डोके फोडत नाही, म्हणून ही तुलना मी फार ताणणार नाही. त्यातला एकच धडा मला इथे हवा आहे. हक्क कागदावर असणे ही एक गोष्ट आणि तो हाताने वापरता येणे ही दुसरी. या दोहोंमध्ये ज्या पायऱ्या असतात त्या कुणीतरी उतरून दाखवाव्या लागतात.

1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाच्या परवान्याखाली ते आज उपलब्ध आहे. कुणीही वापरावे, आतला मजकूर वाचावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा, हे या परवान्यात लिहिलेले आहे. हा झाला ठराव. आता वस्तीतला मुलगा किंवा मुलगी जुन्या संगणकाला पेनड्राइव्ह लावते, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते : बूट होण्याजोगे काही सापडले नाही. तळ्याच्या पायऱ्या इथे सुरू होतात.

हा प्रश्न आत्ताच का?

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष सुरक्षेचे अपडेट मिळतात, एवढीच सवलत. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे 2015-16 च्या सुमारास घेतलेला, अजून ठणठणीत चालणारा संगणक नव्या नियमाने अपात्र ठरतो. बिघाड नसताना बाद!

मोठी कार्यालये असे संगणक मोडीत काढतात. त्यातले काही आपल्या अभ्यासिकांना देणगी म्हणून मिळतात, बाकीचे भंगारात जातात. भंगारात गेलेली वायर तांब्यासाठी जाळणारे, बोर्ड फोडणारे हात बहुतेक वेळा कुणाचे असतात हे मी या वाचकांना सांगायला नको. ज्या यंत्रावर आपली मुलगी एमपीएससीचा अभ्यास करू शकली असती, त्याच यंत्राचा धूर तिचा भाऊ छातीत घेतो. जुन्या संगणकावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याचा प्रश्न म्हणून मला हौसेचा वाटत नाही.

मी उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत काम करतो. तिथल्या विहाराच्या अभ्यासिकेला असेच आठ संगणक मिळाले. मुलांनी एका दुकानातून पैसे देऊन लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह आणला. तो एकाही संगणकावर चालला नाही. दुकानदाराने निकाल दिला : 'मशीनच गेली आहेत. भंगारात द्या, माझ्याकडे सेकंडहँड आहेत.' आम्ही चार रविवार घालवले. आठपैकी सहा संगणक आज चालू आहेत. दोन खरोखरच गेले होते.

मला त्या दुकानदाराशी भांडायचे नाही. मला त्याच्या वाक्याशी भांडायचे आहे. 'गेले आहे' हा निकाल आहे, त्यात कारण कुठेच नाही. कारण न देता निकाल ऐकवण्याची सवय या देशात फार जुनी आहे. तुमच्या नशिबात नाही, तुमच्यात डोके नसते, हे तुमचे काम नव्हे. पिढ्यानपिढ्या आपण हेच ऐकले. म्हणून आम्ही पहिला नियम केला. अभ्यासिकेत कुणीही 'चालत नाही' एवढेच म्हणायचे नाही. गाडी कुठे थांबली, पडद्यावर काय लिहून आले आणि त्याआधी आपण काय केले, या तीन गोष्टी वहीत मराठीत लिहायच्या. दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर कशामुळे झाला हे कळत नाही, आणि पुढच्या संगणकाशी पुन्हा पहिल्यापासून झटावे लागते.

कारण शोधायचा क्रम

त्या वहीतून जो क्रम तयार झाला तो इथे देतो. उतरवून घ्या, आपापल्या अभ्यासिकेत भिंतीवर लावा.

पहिला प्रश्न : फाइल पूर्ण आहे का? लिनक्स मिंटसारख्या प्रणालीची आयएसओ फाइल जवळपास तीन जीबीची असते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती उतरवताना मध्येच तुटली तरी नाव तेच दिसते. त्यासाठी एसएचए-256 नावाचा ठसा तपासायचा. फाइलमधल्या प्रत्येक अंशावरून 64 अक्षरांचा एक ठसा तयार होतो. फाइलमध्ये एका जागी जरी फरक पडला तरी ठसा पूर्ण बदलतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने तो काढता येतो. तो मूळ संकेतस्थळावरच्या ठशाशी जुळला नाही, तर पुढचे सगळे श्रम वाया. दुकानातल्या पेनड्राइव्हसाठी वापरलेली फाइल आम्ही मागवून घेतली, ठसा जुळला नाही. आमचा पहिला गुन्हेगार असा सापडला, आणि 'मशीन गेली' हा निकाल तिथेच ढासळला.

दुसरा प्रश्न : पेनड्राइव्हवर फाइल 'कॉपी' केली आहे की 'लिहिली' आहे? आयएसओ फाइल गाण्यासारखी कॉपी-पेस्ट केली तर संगणक तिच्यावरून सुरू होत नाही. ती रूफस, एचर यांसारख्या साधनाने पेनड्राइव्हवर लिहावी लागते. व्हेंटॉयची तऱ्हा वेगळी. ते एकदा पेनड्राइव्हवर बसवले की मग त्यात आयएसओ फाइली नुसत्या कॉपी केल्या तरी चालतात. मात्र कुठल्याही पद्धतीत सुरुवातीला पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते. कार्यकर्त्यांनी हे नीट ऐकावे. ज्या पेनड्राइव्हमध्ये पीडित कुटुंबाचे जबाब, एफआयआरच्या प्रती, जखमांचे फोटो आहेत, तो या कामाला कधीही वापरू नका. वेगळा घ्या, त्यावर रंगीत चिकटपट्टी लावा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. लिहून झाल्यावर विंडोज कधी कधी 'हा ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का?' असे विचारते. घाबरून हो म्हणू नका, केलेले काम पुसले जाईल. बाजारात खोटी क्षमता छापलेले पेनड्राइव्हही विकले जातात. 64 जीबी लिहिलेले असते, आत त्याच्या पाव भागही नसतो. शंका आली तर दुसऱ्या पेनड्राइव्हवर तीच फाइल लिहून बघा.

तिसरा प्रश्न : संगणक पेनड्राइव्हकडे बघतो आहे का? सुरू होताना बूट मेन्यू उघडणारी कळ कंपनीनुसार बदलते. कुठे एफ 12, कुठे एफ 9, कुठे एस्केप. ती पडदा उजळायच्या आतच दाबत राहावी लागते. विंडोज नेहमीच्या पद्धतीने बंद केले तर 'फास्ट स्टार्टअप'मुळे ते पुरते बंद झालेले नसते, म्हणून शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या सैल पोर्टपेक्षा मागचा पोर्ट वापरून बघा. आमच्या आठांपैकी एका डेस्कटॉपला एवढेच दुखणे होते.

चौथा प्रश्न : दोघांची भाषा एक आहे का? जुने संगणक बायोस पद्धतीने सुरू होतात, नवे यूईएफआय पद्धतीने. रूफसमध्ये पेनड्राइव्ह लिहिताना एमबीआर की जीपीटी असे विचारले जाते ते यासाठीच. बायोसवाल्या जुन्या संगणकाला जीपीटी पद्धतीचा पेनड्राइव्ह दिला तर तो बहुधा ओळखतच नाही. समोरचा संगणक कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी सेटिंगमध्ये जाऊन पाहा, मग पेनड्राइव्ह लिहा.

पाचवा प्रश्न : दाराला कुलूप आहे का? 'सिक्युअर बूट' चालू असेल तर मान्यताप्राप्त सही नसलेली कोणतीही प्रणाली संगणक सुरू होऊ देत नाही. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट यांच्याकडे अशी सही असते. व्हेंटॉयची किल्ली मात्र पहिल्या वेळी स्वतः नोंदवावी लागते. हे सेटिंग बदलण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर चालू आहे का ते बघा, आणि असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर आतला मजकूर कायमचा कुलूपबंद होऊ शकतो.

सहावा प्रश्न : पेनड्राइव्ह सुरू झाला, पण बसवताना संगणकातली डिस्कच दिसत नाही? डिस्कचे सेटिंग रेड किंवा इंटेल आरएसटीवर आहे का ते बघा आणि ते एएचसीआयवर आणा. विंडोज तसेच ठेवायचे असेल तर मात्र हा बदल तयारीशिवाय करू नका, विंडोज सुरू व्हायचे थांबू शकते. आणि पडदाच काळा राहिला, तर सुरुवातीच्या मेन्यूत 'नोमोडसेट' हा शब्द जोडून किंवा मेन्यूतला कंपॅटिबिलिटी मोड निवडून बघा.

एवढ्या सहा प्रश्नांत आमचे सहा संगणक उठले. यात कुठेही इंजिनिअरिंगची पदवी लागली नाही. लागली ती वही, चिकाटी आणि 'कारण असणारच' हा विश्वास.

किल्ली कुणाच्या हातात?

पाचव्या प्रश्नापाशी थोडे थांबू. सिक्युअर बूटचा उपयोग खोटा नाही. संगणक सुरू होण्याआधीच आत शिरणारे व्हायरस त्याने अडतात. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने कुलूप दिसले की विचारायचे असते, किल्ली कुणाकडे? बाजारातल्या बहुतेक संगणकांत मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या आधीच बसवलेल्या असतात. लिनक्सवाल्यांना आपला सुरुवातीचा छोटा प्रोग्राम, ज्याला शिम म्हणतात, मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यावा लागतो. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजचा एक सुरक्षा अपडेट आला आणि विंडोजसोबत लिनक्स ठेवलेल्या अनेकांचे संगणक लिनक्स सुरू करेनात. जुन्या शिमवरचा विश्वास काढून घेतला गेला होता. कारण सुरक्षेचे होते, आणि असे संगणक वगळण्याचा कंपनीचा इरादा होता. पण वगळण्याची ती यंत्रणा सगळीकडे नीट चालली नाही. यात कट होता असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की आपल्या घरातल्या यंत्राचे दार उघडायचे की नाही हे दुसऱ्या कुणाच्या यादीवरून ठरत होते, आणि बहुतेकांना ती यादी आहे हेच ठाऊक नव्हते.

ज्यांचा मुक्त सॉफ्टवेअरवर विश्वास आहे त्यांनीही आंधळे होऊ नये. फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात हल्लेखोर शिरले आणि काही काळ तिथून विषारी आयएसओ फाइल वाटली गेली. म्हणजे अधिकृत जागेवरून आले म्हणून ते खरे, हाही पुरावा नव्हे. संकेतस्थळच ताब्यात गेले तर तिथला ठसाही बदलता येतो, म्हणून ठशावर असलेली डिजिटल सहीसुद्धा तपासायची असते.

तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना जे सांगितले ते आपण विहारात वाचतो. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून मानू नका; स्वतः पारखा. आमच्या अभ्यासिकेत 64 अक्षरे दोन-दोन जणांनी मोठ्याने वाचून जुळवली, तेव्हा कालामसुत्त मला पाठांतरातून बाहेर आलेले दिसले.

हात कुणाचा?

जात ही श्रमाची नुसती विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिले. संगणकाच्या जगात ती विभागणी अजून दिसते. उचलणारे, वायरी ओढणारे, पुसणारे एक. आत काय चालते ते जाणणारे दुसरे. आणि आपल्या स्वतःच्या अभ्यासिकेत? पहिल्या रविवारी मुलगे कीबोर्डवर होते, मुली मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणून तिसरा नियम झाला. ज्याने किंवा जिने आधी कधी केले नाही, त्याने कीबोर्डवर बसायचे. ज्याला येते त्याने हात मागे बांधून फक्त तोंडाने सांगायचे. डिस्क न दिसण्याचे कारण शोधले ते बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने. तिने वहीत लिहिले : 'सिक्युअर बूट म्हणजे दारावरचा राखणदार. यादीत नाव नसेल तर आत सोडत नाही. डिस्कचे सेटिंग वेगळे, राखणदाराचे वेगळे, दोन्हीची गल्लत करू नये.' या तीन वाक्यांवर पुढच्या मुलांचा एक अख्खा रविवार वाचला.

इथे एक धोकाही सांगतो. आपल्यातलाच कुणी 'सोड, तुला नाही जमणार, मी करून देतो' म्हणू लागला की समजावे, नवा पुरोहित तयार होतो आहे. मंत्र संस्कृतातला असो की कमांडचा, अर्थ न सांगता दक्षिणा घेणारा भटजीच. जाणकार असणे वाईट नाही, पण ज्ञान वहीत उतरले नाही तर ते मक्तेदारी होते.

'यापेक्षा महत्त्वाची कामे आहेत'

आता पहिल्या मताकडे येतो. अत्याचार होत असताना पेनड्राइव्ह काय घेऊन बसलात, असे ज्येष्ठ मंडळी विचारतात. प्रश्नामागची कळकळ मला मान्य आहे. पण आज शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणी, माहिती अधिकाराचा अर्ज, आयोगाकडची तक्रार, सगळे संगणकावरून जाते. आपल्या बहुतेक कार्यालयांत चोरीचे, क्रॅक केलेले विंडोज असते. त्या क्रॅकसोबत काय आत आले आहे हे कुणी तपासत नाही, आणि त्याच संगणकात 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या खटल्यांचे जबाब, साक्षीदारांचे पत्ते ठेवलेले असतात. भीमा कोरेगाव प्रकरणात अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने 2021 मध्ये अहवाल दिले. रोना विल्सन आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकांत मालवेअरच्या मार्गाने बाहेरून फाइली घुसवल्या गेल्या, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. पण कार्यकर्त्याने आपल्या संगणकाबद्दल बेफिकीर राहू नये, एवढे यातून नक्की समजते.

लिनक्स म्हणजे गंडा-ताईत नव्हे. अनोळखी ईमेलमधली फाइल उघडली, अपडेट केले नाहीत, पासवर्ड भिंतीवर चिकटवला, तर कोणतीही प्रणाली वाचवणार नाही. सगळी कामेही त्यावर होत नाहीत. टॅली आणि श्रीलिपीतली जुनी पत्रके यांसाठी आम्ही एक संगणक विंडोजवर ठेवला आहे. पण लिहिणे, वाचणे, अर्ज भरणे, युनिकोड मराठीत इन्स्क्रिप्ट कीबोर्डने टंकन करणे यासाठी जुन्या संगणकावरचे लिनक्स पुरेसे आहे. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर रुजवले, तिथली काइट ही संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रणाली तयार करते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही बॉस लिनक्स बनवले. म्हणजे मार्ग आहे. शासन आपल्या वस्तीपर्यंत तो आणेल याची वाट बघायची, की 1927 सारखे स्वतः पायऱ्या उतरायच्या, हे आपण ठरवायचे.

म्हणून प्रत्येक विहाराला, प्रत्येक अभ्यासिकेला माझे चार गोष्टींचे आवाहन आहे. एक तपासलेला, चिकटपट्टी लावलेला पेनड्राइव्ह ठेवा. शेजारी एक वही ठेवा आणि प्रत्येक बिघाड, प्रत्येक कारण मराठीत लिहा. महिन्यातला एक रविवार फक्त कीबोर्डवर कधी न बसलेल्यांसाठी राखा. आणि ज्याने स्वतःच्या हाताने एक संगणक सुरू केला, त्याने दुसऱ्या वस्तीत जाऊन दोघांना शिकवल्याशिवाय आपले शिकणे पूर्ण झाले असे मानू नये. शिक्षण, संघटन आणि संघर्ष या त्रिसूत्रीत शिक्षण पहिले आहे, आणि शिक्षणात आपण वापरतो त्या यंत्राचे दार उघडता येणेही आले.

पुढच्या वेळी कुणी 'मशीन गेले' म्हणाले, तर नम्रपणे विचारा : 'कारण काय?' उत्तर मिळाले नाही तर वही उघडा आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करा.

जय भीम! नमो बुद्धाय!